विमानातला मान

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे चेअरमन माननीय गोकुळदासबाब, प्रमुख पाहुणे म्हणून अगत्याने आलेले आपले माजी जनरल मॅनेजर माननीय पांडुरंगबाब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले प्रशासन अधिकारी शिवदासबाब मयेकर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. रुक्मिणीवहिनी, खाणीवरून, वर्कशॉपमधून आणि जेटीवरून आलेले माझे सहकारी, आणि सभागृहाच्या अगदी शेवटच्या रांगेत, पंख्याचा वारा जिथे पोचत नाही तिथे हट्टाने बसलेले आपले निवृत्त फोरमन दत्तारामबाब गावस, आपणा सर्वांना मुळगावच्या कमलाक्षी परबचा नमस्कार.

मला पाच मिनिटं बोलायला सांगितलं आहे. बाहेर पातळ भाजी आणि पाव तयार आहेत, त्याचा वास मलाही येतो आहे. पण शिवदासबाबांच्या खोलीत त्यांच्यासमोरच्या मेजावर मी इतकी वर्षं काढली आणि तेवढ्या काळात मला सलग पाच मिनिटं बोलू दिलं गेलेलं नाही. तेव्हा आज थोडं उट्टं काढते. अध्यक्षांनी घंटा वाजवली तरी ती मला ऐकू येणार नाही.

शिवदासबाबांची ओळख काय करून द्यावी? कंपनीत त्यांनी बरीच कामं केली. क्वार्टर्स बांधून घेतल्या, कँटीन सुरू केलं, चतुर्थीच्या सुटीवरून होणारी भांडणं मिटवली. पण त्यांचं नाव काढलं की सगळ्यांना आठवतात ते विमानप्रवासाचे नियम. कंपनीच्या कामासाठी विमानाने जाताना कोणी पुढच्या रुंद खुर्चीत बसायचं आणि कोणी मागे गुडघे आवळून बसायचं, हे आपल्याकडे शिवदासबाब ठरवत आले. नियम साधे होते. डायरेक्टर असेल तर पुढे. जनरल मॅनेजर असेल आणि पल्ला लांबचा असेल तर बिझनेस क्लास, नाहीतर इकॉनॉमी. त्याखालचे सगळे मागे, मग दिल्ली असो की जपान.

हे नियम टाइप मी केले. म्हणून लोक गोड बोलायला आधी माझ्याकडे येत. आपले एक भूगर्भतज्ज्ञ होते, आता ते नागपूरला असतात. सहा फूट उंच माणूस. ते शिवदासबाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझे पाय बघा हो, मी मागे मावणार कसा?" शिवदासबाबांनी चष्मा काढून खरोखरच त्यांचे पाय निरखून बघितले आणि म्हणाले, "पाय लांब आहेत खरे. पण नियमात ग्रेड आहे, पाय नाहीत." आणखी एका साहेबांचं विमान मुंबईवर बराच वेळ घिरट्या घालत राहिलं. त्यामुळे पल्ला लांबचा झाला, तर परतीचं तिकीट पुढचं द्या, असं त्यांचं म्हणणं. शिवदासबाबांनी विचारलं, "घिरट्या घालून तुम्ही पोचलात कुठे? मुंबईलाच ना?" ते साहेब परत येताना मागेच बसले.

एक नियम मात्र जरा विचित्र होता, आणि पुढच्या गोष्टीसाठी तो ध्यानात ठेवायला हवा. ज्याला पुढे बसण्याचा हक्क आहे त्याने पुढेच बसायचं. मागे बसून मोठेपणा मिळवायचा नाही. कारण कुणीतरी पूर्वी मागे बसून पुढच्या तिकिटाचे पैसे खिशात घातले होते. कोण ते विचारू नका, त्यांच्या मुलाचं लग्न पुढच्या महिन्यात आहे आणि मला आमंत्रण आहे.

आता गोष्ट सांगते. ती सत्त्याऐंशी सालची आहे.

त्या वर्षी कंपनीने जपानहून मोठं एक्सकॅव्हेटर घ्यायचं ठरवलं. करारावर सही करायला पांडुरंगबाब जाणार होते, आणि त्याच विमानाने मशीनचं ट्रेनिंग घ्यायला दत्तारामबाब. दत्तारामबाब तेव्हा मुकादम होते. ट्रेनिंग करून आले की फोरमन होणार, असं पक्कं ठरलं होतं. नियमाप्रमाणे पांडुरंगबाबांना पुढे आणि दत्तारामबाबांना मागे, अशी दोन तिकिटं काढायची. सरळ काम होतं. पण हे दोघे एकाच गावचे. गावाचं नाव मी घेत नाही, इथे अर्धा हॉल त्याच गावचा आहे आणि मला आज घरी सुखरूप जायचं आहे.

या गावात शिगम्याला, होळीच्या सणात, देवळातून मानकऱ्यांच्या घरांना मानाचे नारळ देतात. पहिला नारळ कुणाच्या घरचा, यावरून गावसांचं घर आणि पांडुरंगबाबांचं घर असं भांडण पेटलं होतं. किती? तर सहा वर्षं शिगमोच झाला नाही. ढोल खुंटीला. देवळाच्या चौकात पोरं क्रिकेट खेळत. लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींनी माहेरी यायचं सोडलं, कारण यायचं कशाला? शेवटी आदल्या वर्षी कशीबशी तडजोड झाली. पहिला नारळ गावसांचा, दुसरा पांडुरंगबाबांच्या घरचा. कंपनीत पांडुरंगबाब साहेब, पण गावात दत्तारामबाबांच्या मागचे. खाणीवर हा प्रश्न कधी आला नाही, कारण दत्तारामबाब पांडुरंगबाबांच्या जीपमध्ये कधी चढलेच नाहीत. चालत जायचे, नाहीतर टिपरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून.

तिकिटांची बातमी कळताच दत्तारामबाब ऑफिसात आले. टोपी काढली, मेजावर ठेवली आणि म्हणाले, "जपानाक वतां. पूण पांडुरंग फुडें आनी हांव फाटीं, अशें बसचो ना. गांवांत तोंड खंय दाखोवं?"

शिवदासबाबांनी समजावलं, "अहो, ते फक्त विमानात."

"विमान उबून वयर वता न्हय? सगल्यांक दिसता." उडून वर गेलेलं विमान गावाला दिसतंच, असं त्यांचं म्हणणं.

पांडुरंगबाब, तुम्ही हसताय, पण तुम्हीच तेव्हा केबिनमधून बाहेर येऊन म्हणालात, की मी मागे बसतो, विषय संपवा. शिवदासबाब म्हणाले, तसं करता येणार नाही, हक्क असेल त्याने पुढेच बसायचं. मग दत्तारामबाबांना पुढचं तिकीट द्या. ग्रेड नाही. मग दोघांना वेगवेगळ्या दिवशी पाठवा. तर आधी कोण गेला, यावरून गावात नवं भांडण. मोठे साहेब, म्हणजे आजच्या अध्यक्षांचे वडील, म्हणाले, "शिवदास, हे तुझे नियम, तूच निस्तर." आणि गावात तोवर बातमी पोचली होती. दत्ताराम मागे बसून गेला तर तडजोड मोडली, शिगमो बंद, असं लोक उघड बोलू लागले होते.

शिवदासबाब त्याच गावचे. मग त्यांनी एक असं काम केलं जे जगातल्या दुसऱ्या कुठल्या कंपनीच्या प्रशासन अधिकाऱ्याने केलं नसेल. विमान कंपनीकडून आसनांचा नकाशा मागवला. तो मला दिला आणि म्हणाले, "मोठा काढ. म्हाताऱ्यांना दिसला पाहिजे." मी खाणीच्या एका जुन्या नकाशाच्या पाठीवर स्केचपेनने अख्खं विमान काढलं, खुर्च्या, संडास, बाहेर बघायची जनेलं, सगळ्यासकट. आणि सुटीच्या दिवशी, आयतारी, आम्ही तो नकाशा घेऊन देवळात गेलो.

चौकात नकाशा पसरला. चार कोपऱ्यांवर चार समया ठेवल्या, वाऱ्याने उडू नये म्हणून. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष भिकाजीबाब नकाशाच्या कडेला मांडी घालून बसले आणि त्यांनी एकेका खुर्चीवर सुपारी ठेवायला सुरुवात केली. हा दत्ताराम, हा पांडुरंग. सुपाऱ्या पुढे सरकत, मागे सरकत. एकजण म्हणाला, दत्तारामला विमान चालवणाऱ्याजवळ बसवा. दुसऱ्याने विचारलं, संडास आहे तिथे मानकऱ्याने बसावं का? मी बायकांच्या बाजूला बसले होते आणि पदर तोंडात धरून हसू दाबत होते. माझ्या शेजारी दत्तारामबाबांची बायको गंगा बसली होती. ती मात्र हसत नव्हती. तिला नवरा फोरमन झालेला बघायचा होता, आणि शिगम्याला मुलगी माहेरी आलेली बघायची होती. दोन्ही एकदम कसं मिळणार, हे तिला कळत नव्हतं.

इथे मला एक माणूस तुम्हाला सांगायला हवा. खांबाला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. शिवदासबाबांचे वडील, बाबाजी. या घराकडे पिढ्यान्पिढ्या दिवटी आहे. पालखी निघाली की सगळ्यांच्या पुढे दिवटी धरून चालायचं, तेल हातावर सांडलं तरी हात हलू द्यायचा नाही. आणि या कामाला नारळ नाही. मानकऱ्यांना नारळ, दिवटीवाल्याला शेवटी प्रसाद. बाबाजींनी पोर्तुगिजांच्या काळापासून कमिटीला एकच विनंती लावून धरली होती. आम्ही सगळ्यांच्या पुढे चालतो, तर आमचाही मान धरा, आम्हालाही नारळ द्या. बाकी काही नको. त्या आयतारी विमानाचा विषय मिटला की त्यांच्या विनंतीचा निकाल लागायचा होता, आणि तो बहुधा त्यांच्या बाजूने लागेल असं भिकाजीबाबांनी आधी सांगूनही ठेवलं होतं. म्हणून म्हातारे धुतलेला शर्ट घालून आले होते.

सुपाऱ्यांचं काही जुळेना. आवाज चढले. गावसांच्या घरातला एकजण उठला आणि म्हणाला, "चलात, घरा वचूंया." तो उठून गेला असता तर सगळं संपलं होतं. तेवढ्यात शिवदासबाब बोलले.

"भिकाजीबाब, एक विचारूं? पालखी भायर सरता तेन्ना फुडें कोण आसता?"

"ढोलवाले. निशाणवाले. दिवटी."

"आनी मानकरी?"

"फाटीं. पालखेक लागून."

"मागीर विमानांत तरी मानकऱ्यान फुडें कित्याक बसचें? फुडें बसतात ते ढोलवाले. पांडुरंगबाबाक बसूं दी थंय. दत्तारामबाब फाटीं, सगल्यांच्या फाटीं."

 पण भिकाजीबाब काही कमी नव्हते. म्हणाले, "विमानांत पालखी खंयची?"

शिवदासबाबांनी नकाशातल्या शेपटीवर बोट ठेवलं. म्हणाले, विमानात एक पेटी असते. विमान पडलं, सगळं जळून गेलं, तरी ती शाबूत राहावी लागते, म्हणून ती शेपटीत ठेवतात. विमानातली सगळ्यांत जपायची वस्तू मागे असते. हे ऐकून म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. गंगाने "विमान पडलें" एवढंच ऐकलं आणि हुंदका दिला, तिला मी सावरलं. भिकाजीबाबांनी दत्तारामबाबांची सुपारी उचलली आणि शेवटच्या रांगेत, जनेलाकडे, हलक्या हाताने ठेवली. गावसांच्या घरातला तो माणूस पुन्हा खाली बसला. दत्तारामबाबांनी मिशीवरून हात फिरवला. कंपनीचा एकही नियम मोडला नव्हता. मला वाटलं, टाळ्या वाजवाव्यात.

मग भिकाजीबाब म्हणाले, "शिवदास, बरें उलयलो. पूण फुडें चलप्याक मान ना, अशें तुंवेंच सांगलें. तुज्या बापायच्या नारळाचें आतां कितें करूं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शिवदासबाबांच्या डोक्यात तो तोंड उघडण्याआधीच पडलेला होता. मी त्यांच्याकडे बघत होते. नियम सांगताना त्यांचा आवाज कसा असतो तुम्हाला माहीत आहे, तोच आवाज होता. बोललेला शब्द मागे न घेता ते म्हणाले, "उलयलों तें उलयलों. आमकां नारळ नाका."

बाबाजी उठले. आता हे मुलाला काय बोलणार, असं मला वाटलं. ते खांब धरून उभे राहिले, धोतर झाडलं आणि मुलाला म्हणाले, "नारळ ना जाल्यार ना. शिगमो तरी जातलो." शिगमो होणार एवढ्यावर समाधान मानून ते पायऱ्या उतरून घरी गेले. त्यांच्या पाठीकडे बघून मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.  पाणी नको, मी ठीक आहे.

आता जरा विमानात जाऊ, तिथे हसायला जागा आहे. दत्तारामबाब शेवटच्या रांगेत बसले. शेजारी संडास. त्यांनी परत आल्यावर गावात काय सांगितलं माहीत आहे? "सगली वाट लोक म्हजे म्हऱ्यांत येवन रांग करून उबे रावताले. साहेब, मडमो, सगलीं!" आपल्याजवळ येऊन रांग लावायला देवळातही एवढी गर्दी होत नाही म्हणाले. इकडे पांडुरंगबाबांना पुढे ढोलवाल्यांच्या जागेत चैन पडेना. दुसऱ्या नारळाचं घर त्यांचं, त्यांनी पुढे का म्हणून बसायचं? रुंद खुर्ची सोडून ते मागे गेले, दत्तारामबाबांच्या शेजारची जागा रिकामी होती तिथे टेकले आणि टोकियो येईपर्यंत घोरत राहिले. हो ना, पांडुरंगबाब? हे कळल्यावर शिवदासबाबांनी जनरल मॅनेजरसाहेबांकडून खुलासा मागवला. पुढचा हक्क असताना मागे का बसलात? पांडुरंगबाब म्हणाले, बसलो नाही, झोपलो. तेव्हा नियमांत एक ओळ वाढली, ती मीच टाइप केली आणि ती आजही आहे. "प्रवाशाने आपल्या हक्काच्या वर्गात बसावे. झोपेबाबत कंपनीचे काही म्हणणे नाही."

त्यानंतर बराच काळ त्या गावातले लोक विमानात मागची जागा मागून घेत. आजही बघा, पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत आणि मागे लोक उभे आहेत. शिवदासबाबांनी खर्च वाचवला म्हणून कंपनीने त्यांचं कौतुक केलं. पण त्यांचं खरं काम मी त्या चौकात बघितलं होतं. दत्तारामबाब फोरमन झाले. गंगाची मुलगी दर शिगम्याला माहेरी येते. शिगमो त्यानंतर एकदाही चुकला नाही.

बाबाजी पुढे चार-पाच वर्षांनी गेले. नारळ त्यांना मिळाला नाही. दिवटी शिवदासबाबांकडे आली. वर्षात एकच रजा ते न विचारता घेत, शिगम्याची. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येत तेव्हा उजव्या हातावर तेलाचे चटके असत आणि सही करताना ते हात जरा सावकाश हलवत. मी कधी काही विचारलं नाही. रुक्मिणीवहिनी त्या हाताला खोबरेल लावून देत असतील, एवढं मला ठाऊक आहे.

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेत लिहिलं आहे की सत्कारमूर्तींना शाल आणि नारळ अध्यक्षांच्या हस्ते. अध्यक्षांची परवानगी मी आत्ता, इथेच, सगळ्यांसमोर मागते, म्हणजे त्यांना नाही म्हणता येणार नाही. शाल आपण घाला. नारळ मात्र दुसरा कुणीतरी घेऊन आला आहे.

काल दत्तारामबाब माझ्याकडे आले. पंच्यात गुंडाळलेला नारळ मेजावर ठेवला. गेल्या आठवड्यात शिगमो झाला, त्यातला हा त्यांच्या घरचा पहिला नारळ. दर वर्षी तो घरी फोडतात आणि शेजारीपाजारी वाटतात. या वर्षी फोडला नाही. मी म्हटलं, "दत्तारामबाब, कमिटीला विचारलंत का?" ते म्हणाले, "कमिटी म्हाका नारळ दिता. म्हजो जाल्या उपरांत हांव कोणाक दितां, तें म्हजें." मग तेव्हा न दिल्याची चूक कबूल करत म्हणाले, "हो बाबाजीक तेन्नाच दिवपाक जाय आशिल्लो. म्हाका धाडस जालें ना."

पाचाची पंचवीस मिनिटं झाली, हे मला दिसतं आहे. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि एवढा वेळ पोटाला चिमटा घेऊन बसलेल्या तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार मानते. थट्टेत कुणाला लागलं असेल, कुणाचा मान खालीवर झाला असेल, तर तो माझ्या वयाच्या खात्यात टाका आणि पोटात घाला.

दत्तारामबाब, पुढे या. वाट द्या हो त्यांना. शिवदासबाब, उठा, आणि दोन्ही हात पुढे करा. वडिलांचा नारळ आहे, तुम्हीच घ्यायला हवा.